टेपवाले अप्पा

कोणती गाडी घ्यायची हे ठरवायला पूर्वी घरातली माणसं पुरायची. आता त्यासाठी कॉलनीत एक अप्पा लागतात. साताऱ्यातल्या आमच्या कॉलनीचे अप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. खात्याने शाल-श्रीफळ दिलं, पण खिशातली टेप काढून घ्यायचं राहून गेलं. कालवे संपल्यावर त्या टेपला काहीतरी काम हवं होतं. ते मोटार कंपन्यांनी पुरवलं.

अप्पा शोरूममध्ये शिरले की त्यांच्या मागून येणारा माणूस हा खरा गिऱ्हाईक आहे, हे सेल्समनला बऱ्याच उशिरा कळतं. तोवर पाण्याची बाटली अप्पांच्या हातात गेलेली असते. पोरगा बिचारा सनरूफचं कौतुक सुरू करतो.

"त्याची चौकट छतातली जागा खाते, त्याचं काय?" अप्पा विचारतात.

पोरगा आतल्या रंगीत दिव्यांकडे वळतो.

"अहो, आम्हाला बसायचंय. आरास नाही करायची."

मग तपासणी. अप्पा पुढच्या सीटवर बसून ती स्वतःच्या सोयीने सरकवतात, उतरतात आणि तिच्याच मागे जाऊन बसतात. "माणसाने आधी स्वतःच्या मागे बसून बघावं," हे त्यांचं सूत्र, आणि खरं सांगायचं तर ते चोख आहे. पुढची सीट पार पुढे ढकलून ठेवली की कुठलीही गाडी मागून दिवाणखान्याएवढी दिसते. गुडघा आणि पुढच्या सीटची पाठ यांच्यामध्ये ते मूठ घालून बघतात. नंतर खिशातली गांधी टोपी डोक्यावर चढते. ही टोपी एरवी फक्त लग्नात आणि मयताला निघते. सेडानचं छत मागे उतरतं असल्यामुळे टोपी हमखास टेकते. मग ते मांडीखाली हात सरकवून भर शोरूममध्ये जाहीर करतात, "अंडरथाय सपोर्ट नाही!" सोबत आलेल्या काकू, म्हणजे अप्पांच्या सौ., तेवढ्यापुरत्या दुसऱ्या गाडीकडे बघत उभ्या राहतात.

एसयूव्ही की सेडान, असा प्रश्न कुणी सरळ विचारला तर अप्पा थेट 2006 सालात जातात. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांचा अबकारी कर 24 टक्क्यांवरून 16 वर आला, आणि गाड्या शेपट्या छाटून घेऊ लागल्या. 2008 ची इंडिगो सीएस त्यातली पहिली, आणि डिझायरने 2012 मध्ये डिकी आखडली. करांची नावं बदलली तरी चार मीटरची रेघ अजून तशीच आहे. म्हणून आज डिझायर 3995 मिलिमीटर लांब आणि ब्रेझाही 3995!

"मग ब्रेझा ऐसपैस का वाटते?" अप्पा परीक्षकासारखे थांबतात. उत्तर अर्थातच त्यांचं त्यांनाच द्यायचं असतं. उंच गाडीत माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसतो, पाय खाली सोडतो. ठेंगण्या सेडानमध्ये ते पुढे पसरावे लागतात. रुंदीत ब्रेझा साडेपाच सेंटिमीटरने जास्त, हा पुरावा लगेच जोडला जातो. मागे तीन माणसं बसायची तर खांद्याला खांदा लागणार की बरगडीत कोपर जाणार, हे त्या साडेपाच सेंटिमीटरांवर ठरतं. आता डिकी बघा. ब्रेझाची 328 लिटर, डिझायरची 382. गावाहून तांदळाचं पोतं आणणाऱ्याने सेडानच घ्यावी, पण त्यात सीएनजीची टाकी बसवून घेऊ नये, नाहीतर पोतं मांडीवर.

"गाडी मोठी म्हणजे बैठक मोठी" म्हणणाऱ्यांवर अप्पांचा विशेष राग. बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या गाड्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेल्या, त्यामुळे त्यांची जमीनच वर येते. सीट तिच्यापासून फार उंच नसेल तर एवढं चढून जाऊन माणूस गुडघे वर काढूनच बसतो. तिसऱ्या रांगेविषयी तर ते बोलतही नाहीत, नुसते हात जोडतात.

हे सगळं बरोबर आहे. तरीही माझ्या मते या घरात गाडीची खरी परीक्षा काकूच घेतात, आणि तीही टेपशिवाय. त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. सेडानमध्ये त्या बसतात सुखाने, पण उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. मोठ्या एसयूव्हीत आधी पायरी, मग वरची कडी, मग निऱ्या, असा तिहेरी व्याप. जिची सीट कमरेएवढ्या उंचीवर असते, तिच्यात त्या नुसत्या टेकतात आणि वळतात. बास. ही उंची कुठल्या माहितीपत्रकात छापत नाहीत.

शेजारच्या सुनीलने शेवटी अप्पांच्या सल्ल्याने चार मीटरच्या आतली उंच गाडी घेतली आणि आम्ही चिपळूणला निघालो. घाटात मागे बसलं की मळमळतं, म्हणून अप्पा पुढे. बसल्याबसल्या त्यांनी सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे घेतली. त्यांच्या मागे काकू, दुसऱ्या खिडकीपाशी मी, आणि मध्ये सुनीलची बायको. एका गाडीत एवढी माणसं कोंबली की मध्ये कोण बसणार, हे आपल्याकडे कुणी विचारत नाही. सून आपणहून सरकते. तिच्या पायाखाली मधला उंचवटा, पाठीला मिटवलेल्या आर्मरेस्टचं टणक कूबड. उंब्रज, पाटण मागे पडलं, कुंभार्ली घाट सुरू झाला, आणि अप्पा मान वळवून म्हणाले, "काय, ऐसपैस आहे की नाही?"

"आहे हो," काकू म्हणाल्या. "येताना मी पुढे बसते."

परतीला अप्पा मध्ये बसले. पोफळीपर्यंत गप्पा मारत होते. घाटात गप्प झाले. कोयनानगरला चहाला उतरल्यावर दोन्ही हात कमरेवर ठेवून बराच वेळ धरणाच्या दिशेने बघत उभे राहिले. खात्याची आठवण आली असेल, असं सुनीलला वाटलं.

पुढच्या रविवारी दुसऱ्या गल्लीतल्या कुणाबरोबर ते पुन्हा शोरूममध्ये. या खेपेला पुढच्या सीटला हातही लावला नाही. थेट मागे, मधोमध जाऊन बसले आणि पाठ घासून बघत सेल्समनला म्हणाले, "मधल्या माणसाचं कुणी बघतच नाही हो. माझं पहिल्यापासून हेच म्हणणं आहे."