सातबाऱ्यावरून शिका एंटरप्राइझ आर्किटेक्चर (नवशिक्यांसाठी, नातेपुते आवृत्ती)

लागणारे साहित्य: एक गट नंबर, आधार कार्ड, मोकळी दुपार. माउलींची पालखी गावात मुक्कामी असेल तो दिवस टाळा.

जॉन झॅकमन यांनी 1987 साली या विषयाचा पाया घातला, 1995 मध्ये 'टोगॅफ' ही चौकट आली. टोगॅफच्या हिशेबात थर चार: कामकाज, माहिती, सॉफ्टवेअर आणि यंत्रणा. हे सांगायला सल्लागार शंभर स्लाइड दाखवतात. तुम्ही सेतू केंद्रात जाऊन बसा.

तळाचा थर आधी दिसतो, कारण आधी तोच बंद पडतो: लाईट, नेट, प्रिंटर. त्यावर ई-फेरफार. त्यावर माहिती: नमुना सातवर मालक, बारावर पीक, सहावर फेरफार. सगळ्यात वर 1966 चा जमीन महसूल कायदा. तो स्क्रीनवर दिसत नाही, म्हणून नवशिके त्याला धरतच नाहीत.

आता सराव. समजा, तुम्ही दोन एकर घेतले. खरेदीखत नोंदलं की माहिती ई-फेरफारकडे आपोआप जाते. उतारा मात्र जागचा हलत नाही. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी, हाक अजून तलाठी अशीच) नोंद धरतो, नमुना नऊची नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस. हरकत नसेल तर मंडल अधिकारी नोंद मंजूर करतो. इथे नवशिका हमखास चिडतो: "सगळं ऑनलाइन केलंय ना, मग 15 दिवस कशाला?" अहो, ते दिवस कायद्याचे, सर्व्हरचे नव्हेत. भावांनी न विचारता जमीन विकली, तर तेवढ्यातच बहिणीला हरकत घेता येते. नोंद लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा. यालाच पुस्तकात गव्हर्नन्स म्हणतात. हे दिवस वाचवणारं ॲप कुणी विकायला आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

जादा सराव: 2021 मध्ये इथली ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, तरी सातबारा होता तिथेच राहिला. का? महसुलाची साखळी वेगळी, ती माळशिरसच्या तहसीलदारांकडे जाते. आडनावातली वेलांटी चुकली असेल तरी त्याच महसूल कायद्याच्या कलम 155 खाली तिकडेच अर्ज. कीबोर्डवर ते काम एका बोटाचं आहे, हे तिथे बोलू नका.

तोंडी परीक्षेत "सर्व्हर डाऊन आहे" एवढ्या उत्तराला गुण नाहीत. कुठला थर डाऊन आहे, ते विचारा. आणि उतारा हातात पडेपर्यंत त्याचे 15 रुपये खिशातच ठेवा.