कढीपत्ता आत घेताना

ऑक्टोबर अर्धा सरला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत फराळाच्याही आधी एक प्रश्न निघतो: कढीपत्ता आत कधी घ्यायचा? पारा दहा अंश सेल्सियसखाली रेंगाळायला लागला की हे झाड रुसून पानं टाकतं, आणि दहिवर गोठलं की कोवळे शेंडे काळे पडतात.

चौदाव्या लुईलाही हीच अडचण होती, फक्त त्याच्याकडे माणसं होती. व्हर्सायला त्याने १६८४ ते १६८६ दरम्यान संत्र्याच्या झाडांसाठी दीडशे मीटरहून लांब, दक्षिणेकडे तोंड असलेलं दालन बांधून घेतलं. तिथली हजारावर झाडं अजूनही ऑक्टोबरात आत जातात आणि मे महिन्यात बाहेर येतात. आमच्याकडे दालन म्हणजे टीव्हीशेजारचा कोपरा आणि माणसं म्हणजे मी. ही दारात उभी राहून ‘डावीकडे, डावीकडे’ म्हणते. तिची डावी की माझी, हे कुंडी भिंतीला लागल्यावर कळतं.

शेजारच्या इटालियन आजोबांचं अंजीर मात्र बाहेरच राहतं. फांद्या दोरीने आवळायच्या, वर जुना गालिचा, त्यावर ताडपत्री आणि पाणी शिरू नये म्हणून डोक्यावर पालथी बादली. काही जण तर एका बाजूची मुळं तोडून झाड आडवं करतात आणि चक्क पुरतात. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा पहाटे खिडकीतून म्हणाल्या, “अहो, ते कोण कधीचे उभे आहेत? चहाला तरी बोलवा.”

आमची केळ बास्जू जातीची. फळं खाण्यालायक नाहीत, पण सत्यनारायणाला खुंट मिळतात आणि पंगतीला पानं. थंडीने पानं करपली की केळ कमरेएवढी ठेवून छाटायची, भोवती जाळी उभारायची आणि जाळीत पेंढा भरायचा. हॅलोविन संपला की लोक सजावटीचे पेंढ्याचे भारे रस्त्याकडेला टाकतात. अंधार पडल्यावर आम्ही ते उचलून आणतो. सत्यनारायणाची केळ भुताखेतांच्या पेंढ्यात हिवाळा काढते, हे गुरुजींना सांगितलेलं नाही.

पण खरी परीक्षा घरात. उजेड कमी, वाढ थांबलेली. अशा वेळी कढीपत्त्याला पाणी अगदी बेताचं लागतं आणि खत मुळीच नको. जास्त पाणी झालं की मुळं कुजतात. थोडक्यात, त्याला काही करायचं नाही. हे आपल्या लोकांना जमत नाही. भिशीला आलेल्या एका वहिनींनी आपुलकीने ताक घातलं. खिडक्या बंद, हीटर चालू, आणि ताक.

जानेवारीत पानं गळली. आईने व्हिडिओ कॉलवर झाड पाहिलं आणि माझी तब्येत विचारायची राहूनच गेली. अशा झाडाची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवं दिसलं की झाड जिवंत. ही युक्ती मी एकाला सांगितली. तेव्हापासून येणारा प्रत्येक जण आधी झाड खरवडतो, मग चपला काढतो. पोह्यांवर पडतो तो दुकानातून आणलेला कढीपत्ता.

शेवटी हिने कुंडीला पाटी लावली. माहेर सदाशिव पेठेतलं. ‘झाड जिवंत आहे. खरवडून खात्री करू नये. पाणी, ताक व सल्ला घालू नये.’

परवा पाहिलं तर खाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलंय: ‘हळद घातलीत का?’