सही करा आणि जा

शाळेतून फोन आला की आईबापांच्या छातीत धस्स होतं. मूल पडलं असेल, कुणाशी भांडलं असेल, नाहीतर आधार कार्डाची झेरॉक्स पुन्हा हवी असेल. पोरगं आज पहिल्यांदा अख्खा धडा न अडखळता वाचून गेलं, हे सांगायला कुणाच्या घरी फोन गेल्याचं क्वचितच कानावर येतं. शाळा आणि घर यांच्यातलं बोलणं तक्रारी आणि कागद या दोनच गोष्टींवर चाललेलं असतं. आणि वर म्हणायचं, पालकांना मुलांच्या शिक्षणाची काही पडलेलीच नाही!

हे खरं नाही. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवावा लागला होता. आज तसा दंड लावायची वेळ येत नाही. मुलांना किती वाचता येतं, हे तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहण्या बघा. ग्रामीण भारतातल्या सहा ते चौदा वर्षांच्या मुलांची पटनोंदणी गेली कित्येक वर्षं ९५ टक्क्यांच्या वर आहे. चार घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा पदरचे पैसे घालून शिकवणी लावते. पालकांनी मूल शाळेच्या दारात आणून सोडलं. पुढे काय झालं? त्याच असरच्या २०२४ च्या पाहणीत तिसरीतली जेमतेम २७ टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकली. उरलेल्या मुलांपैकी किती जणांच्या आयांना ही गोष्ट शाळेनं सांगितली असेल?

सांगणं ही मेहेरबानी नाही, कायद्यानं ठरवलेलं काम आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य, असं त्याचं कलम १० म्हणतं आणि ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच कायद्याचं कलम २४ मात्र कुणी वाचून दाखवत नाही. शिक्षकानं पालकांच्या नियमित बैठका घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, त्याची प्रगती त्यांना सांगावी, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. मार्क सांगा, एवढंच ते कलम म्हणत नाही.

मग येते शाळा व्यवस्थापन समिती. कायदा करणाऱ्यांनी इथे खरोखर मोठं मन दाखवलं. समितीत तीनचतुर्थांश पालक, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, आणि वंचित घरांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. शाळेच्या कारभारावर नजर ठेवायची, अनुदान कुठे गेलं ते विचारायचं, शाळेचा विकास आराखडा करायचा, एवढा अधिकार जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल घालणाऱ्या शेतमजूर बाईला मिळाला. प्रत्यक्षात अनेक गावांत तिच्या घरी फिरतं ते इतिवृत्ताचं रजिस्टर. इथे सही करा ताई. सही येत नसेल तर अंगठा. सभा कधी झाली, काय ठरलं, हे तिला माहीत नसतं. अध्यक्ष गावातल्या कुठल्या गटाचा, यावर तावातावानं बोलणारं गाव आराखड्यात काय लिहिलंय हे विचारत नाही.

सभा झालीच, तर ती कामाच्या दिवशी सकाळी अकराला. त्या वेळी निंदणी-खुरपणी करणारी बाई रानात असते. सभेला यायचं तर तिचा रोज बुडतो. तिनं यावं असं शाळेला मनापासून वाटत असेल, तर सभा संध्याकाळी सातला घ्यावी, गरज पडली तर शाळेऐवजी वस्तीवर घ्यावी. यासाठी वेगळा निधी लागत नाही. शिक्षकांवर भार आहे, हे मला मान्य आहे. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळायचे, पोषण आहाराच्या नोंदी ठेवायच्या, रोज नवी माहिती ऑनलाइन भरायची, वर निवडणुकीचं काम. त्यांच्या डोक्यावरची ही कारकुनी सरकारनं कमी केलीच पाहिजे. पण वेळेची ओढाताण असेल, तर आधी कागद कमी व्हावेत, पालकाशी बोलणं नव्हे.

बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांचा तर कुठल्याच सभेत विचार होत नाही. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कारखान्याच्या दिशेनं निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मूल मागे राहिलं तर आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात, सोबत गेलं तर कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत. शाळेचं निम्मं वर्ष आईबाप गावात नसतात. मोबाइल मात्र त्यांच्याकडे असतो. पंधरा दिवसांतून एकदा गुरुजींनी लावलेला फोन, पाच मिनिटं, लेकरू काय शिकलं एवढंच. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या प्रत्येक शाळेत हे सक्तीचं व्हायला हवं.

‘आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार?’ हे वाक्य पालकांच्या तोंडी आहे, आणि ते त्यांच्या तोंडी आपण घातलंय. असरची वाचनचाचणी एका कागदावर मावते: अक्षरं, शब्द, सोपा उतारा, गोष्ट. स्वयंसेवक ती मुलाच्या घरी जाऊन घेतात. मूल सलग वाचतंय की प्रत्येक शब्दाला थांबतंय, हे ऐकून कळायला आईला साक्षर असावं लागत नाही. रोज रात्री दहा मिनिटं तिनं फक्त ऐकावं. बाजारातून आणलेल्या जिनसांचा हिशेब मुलाकडून करून घ्यावा. २०२२ च्या शाळापूर्व तयारी अभियानात महाराष्ट्रभर माता गट झाले, पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी आयांच्या हातात साध्या कृतींची कार्डं दिली गेली. कमी शिकलेल्या बायाही त्यात उत्साहानं उतरल्या, कारण शाळेनं त्यांना करता येईल असं काम दिलं होतं. असे गट पहिलीच्या उंबरठ्यावरच थांबावेत, हे मला पटत नाही. चौथीपर्यंत ते चालायला हवेत.

खासगी इंग्रजी शाळांतल्या पालकांनी फार खूश होऊ नये. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोज सूचना येतात आणि उत्तर द्यायची सोय बंद असते. फी भरणाऱ्यालाही प्रश्न विचारायची जागा नाहीच.

तेव्हा आईबापांनो, पुढच्या सभेला जा. रजिस्टर पुढे आलं की सही लगेच करू नका. आधी विचारा, ‘बाई, माझं लेकरू वाचतं का? माझ्यासमोर वाचून घ्या.’ ते वाचत नसेल, तर शाळा त्यासाठी काय करणार हे रजिस्टरमध्ये लिहून घ्या, आणि मगच खाली सही करा.