जुन्या तारा, नव्या तारा : तौलनिक श्रवणाची शास्त्रोक्त पद्धत

बेस गिटारच्या जुन्या आणि नव्या तारांच्या आवाजात नेमका काय फरक असतो, याविषयी मतं भरपूर आहेत, पद्धत मात्र कुणाकडेच नाही. ही उणीव दूर करण्यासाठी प्रस्तुत मार्गदर्शन. घरच्या घरी, एका दुपारी, शेजाऱ्यांशी बोलणं पूर्णपणे बंद न होता ही चाचणी उरकता यावी, असा बेत आहे. पूर्वअट एकच : चाचणी सुरू करण्याआधी निकाल ठरलेला असावा. नवा सेट विकत आणून झाला असेल, तर नव्या तारा सरस. आणायचा नसेल, तर जुन्या. ज्यांचं अजून ठरत नाही त्यांनी दुकानात जाऊन सेटची किंमत विचारून यावी. दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत ठरतं.

यानंतर पंथ निवडावा. जुनेपंथीयांचं दैवत म्हणजे जेम्स जेमरसन. डेट्रॉइटच्या वेस्ट ग्रँड बुलेवार्डवर एका साध्या घरात मोटाउन कंपनीचा स्टुडिओ होता. १९६० च्या दशकात तिथून बाहेर पडलेल्या असंख्य गाण्यांत बेस या माणसाचा आहे. त्याची सामग्री पाहा : १९६२ चा फेंडर प्रिसिजन, त्यावर ला बेला कंपनीच्या जाडजूड फ्लॅटवाउंड तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा आणि उजव्या हाताचं एकच बोट. तार तुटेपर्यंत तो बदलत नसे, अशी त्याची ख्याती. हे एवढंच जगभरच्या बेसवादकांनी तोंडपाठ केलं आहे. त्या एका बोटाचा सराव करण्यापेक्षा तारा न बदलणं बरंच सोपं आहे, हे कारण असावं. १९८३ मध्ये त्याच्या मृत्यूच्या सुमारास तो बेस चोरीला गेला, त्यामुळे मूळ तारांची फेरतपासणी करता येत नाही. जुनेपंथीयांची श्रद्धा तेव्हापासून जास्तच भक्कम झाली.

नवेपंथीयांचं दैवत लंडनचं. ‘द हू’ या बँडचा जॉन एन्टविसल. बेसचा आवाज पियानोसारखा खणखणीत यावा, ही त्याची हौस. १९६६ मध्ये रोटोसाउंड कंपनीबरोबर बसून त्याने राऊंडवाउंड तारांचा सेट करवून घेतला. ‘स्विंग बेस ६६’ या नावातला ६६ तो हाच. त्याआधी बेस म्हणजे मागून ऐकू येणारं घुमणं, अशी सर्वसाधारण समजूत होती. नंतर तो पुढे येऊन भांडायला लागला.

दोन्ही दैवतांच्या तारा मुळात वेगळ्या जातीच्या आहेत, ही गोष्ट आपल्या चाचणीत सोयीस्करपणे विसरली जाते, म्हणून इथे जरा थांबतो. बेसची तार म्हणजे पोटात पोलादी गाभा आणि त्यावर गुंडाळलेली दुसरी तार. राऊंडवाउंडमध्ये ही वरची तार गोल असते, त्यामुळे प्रत्येक दोन वेढ्यांमध्ये एक खाच राहते. नखाने चाचपून पाहिलं तर करकर वाजते. बोटांचा घाम, मेलेली कातडी, आणि तालमीच्या मध्यंतरात खाल्लेल्या वडापावचं तेल, सगळं त्या खाचांत जाऊन बसतं. फ्लॅटवाउंडमध्ये वर चपटी पट्टी गुंडाळलेली असते, पृष्ठभाग गुळगुळीत, खाचा जवळजवळ नाहीत. ती पहिल्या दिवसापासूनच शांत असते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते. जेमरसनच्या तारा मुरलेल्या होत्या. आपल्या बेसवर गेल्या दिवाळीपासून गंजत असलेल्या राऊंडवाउंड तारा नासलेल्या आहेत. बरणी तीच असली तरी मुरलेलं लोणचं आणि नासलेलं लोणचं यांत घरातलं लहान मूलही फरक करतं. बेसवादकाला तो करता येत नाही, कारण त्याने सेटची किंमत पाहिलेली असते.

आता साहित्य. बेस एक. नव्या तारांचा सेट एक, जुन्याच मापाचा, म्हणजे जुना ४५–१०५ असेल तर नवाही ४५–१०५ आणि त्याच धातूचा. निकेल काढून स्टेनलेस स्टील चढवलं आणि फरक पडला, तर त्याचं श्रेय वयाला देता येत नाही. ट्यूनर, कटर, सुती फडकं. आणि एक धाकटा भाऊ किंवा त्या दर्जाची व्यक्ती. घरात धाकटा भाऊ नसल्यास बँडमधला ड्रमर चालेल. त्यालाही तसं कुणी काही विचारत नाही.

आधी जुन्या तारांचं ध्वनिमुद्रण करून घ्यावं. वायर थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये लावावी, ॲम्पवरचे गोल गोल नॉब फिरवण्याचा मोह टाळावा. प्रत्येक मोकळी तार, मग बाराव्या फ्रेटवरचा स्वर, मग आपल्याला खात्रीने येणारी एक ओळ. अवघड ओळ निवडू नये, नाहीतर चाचणी तारांची न होता आपली होते. बोटं कुठे लावली ती जागा पेन्सिलीने नोंदवून ठेवावी, कारण हात दोन-तीन इंच ब्रिजकडे सरकला तर मेलेली तारही बोलायला लागते, आणि नेककडे सरकला तर कोरी करकरीत तारही झोपते. जुन्या-नव्यावरून झालेले बरेचसे वाद खरं तर या तीन इंचांचे असतात.

मग तारा बदलाव्यात. एका वेळी एकच तार काढावी. चारही तारांचा मिळून नेकवर साधारण ८० किलो ताण असतो आणि तो एकदम सोडणं बरं नाही. नव्या तारेचं टोक खुंटीवर नव्वद अंशात दुमडून मगच जास्तीची तार कापावी. आधी कापली तर काही तारांचे वेढे गाभ्यावरून सैल होतात आणि नवी तार पहिल्याच मिनिटाला जुनी वाजते. अशाने आपली चाचणी फारच लवकर संपेल. खुंटीवर दोन-तीन वेढे, वरून खाली उतरणारे. ब्रिजच्या आणि नटच्या पुढे तार अंगठ्याने हलकीच दाबून बसवावी. मग सुरात लावावी. मग परत लावावी. नवी तार ताणली जात राहते आणि खाली उतरत राहते. या काळात संयम सुटून निकाल जाहीर करू नये.

आता नव्या तारांवर तेच सगळं वाजवावं. पहिल्या आघातालाच जाणवतं की फरक खरा आहे, थट्टेवारी नेण्यासारखा नाही. चौथी, म्हणजे सगळ्यांत जाड ई तार मोकळी वाजवली की तिचा मूळ स्वर ४१.२ हर्ट्झला असतो, आणि त्याच्या वर ८२.४, १२३.६ अशी स्वयंभू स्वरांची चळत चढत जाते. नव्या तारेत ही चळत काही हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येते. जुन्या तारेच्या खाचांतला मळ वरचे स्वर आधी गिळतो. मूळ स्वर जवळजवळ तसाच राहतो, वरचा मजला रिकामा होतो. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. उघडी जवारी आणि बंद जवारी यांतला फरक ते कानाने आणि दोऱ्याने ठरवतात, ऑडिओ इंटरफेसची पावती मागत नाहीत.

दोन्ही ध्वनिमुद्रणं ऐकताना घ्यायची खबरदारी अशी. एक, फोनवर ऐकू नये. फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ येतच नाही. आपल्याला ऐकू येतात ते फक्त वरचे स्वर, आणि बाकीचा अंदाज मेंदू बांधतो. जुन्या तारेत वरचे स्वर आधीच आटलेले, त्यामुळे फोनवर ती जवळजवळ बेपत्ता होते. नवेपंथीय नेमके याच कारणाने फोनवर ऐकवतात. दोन, दोन्हींची पातळी मोजून सारखी करावी. माणसाच्या कानाला थोडासा मोठा आवाज ‘चांगला’ वाटतो, ‘मोठा’ वाटत नाही. हे फक्त बेसपुरतं नसून लग्नाच्या बँडपासून विधानसभेपर्यंत लागू आहे, पण तो आपला विषय नव्हे.

तीन, आणि इथे धाकटा भाऊ लागतो. वाजवणाऱ्याचे डोळे बांधून चाचणी घेण्याची एक भाबडी पद्धत प्रचलित आहे. तिचा उपयोग नाही. बोटांना डोळे बांधता येत नाहीत. नवी तार खरखरीत लागते, जुनी गुळगुळीत, आणि कळलं की हात आपोआप नव्या तारेवर जोर जास्त देतो. म्हणून भावाने दोन्ही फाइलींची नावं बदलून ‘क’ आणि ‘ख’ करावीत आणि कुठली कुठली ते स्वतःपाशी ठेवावं. मग आपण ‘क’ ऐकून म्हणावं, “काय जिवंत आहे बघ!” ‘ख’ ऐकून म्हणावं, “छे, दम नाही.” भाऊ सांगेल, “दादा, दोन्ही एकच आहे. मी चुकून तीच दोनदा कॉपी केली.” असं झाल्यास भावाला चाचणीतून वगळावं आणि ड्रमरला बोलवावं.

आता एक गोष्ट जी नवेपंथीय सांगत नाहीत. बेसवरचा टोनचा नॉब मागे फिरवला की नवी तार बरीचशी जुन्यासारखी वाजते. फुकट. आणि एक गोष्ट जी जुनेपंथीय सांगत नाहीत : उलटं होत नाही. तारेत जे उरलंच नाही ते नॉब पुढे फिरवून येत नाही, नुसता खरखराट येतो. म्हणजे ज्याच्याकडे नव्या तारा आहेत त्याच्याकडे दोन्ही आवाज आहेत, ज्याच्याकडे जुन्या आहेत त्याच्याकडे एक. माझ्या मते वाद इथेच मिटायला हवा. मिटत नाही, कारण बँडमध्ये झांजा असतात. झांजा एकदा सुरू झाल्या की त्या नव्या तारेच्या वरच्या स्वरांची जागा खातात, आणि ज्या चमकेसाठी आपण पैसे मोजले ती फक्त आपल्याला आणि साउंडवाल्याला ऐकू येते. साउंडवाला तेव्हा चहा पीत असतो.

तार खरोखर मेली का हे ठरवायला मात्र मतं लागत नाहीत. बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजवावा आणि ट्यूनरमध्ये बघावा. मग त्याच जागी तार दाबून वाजवावी. पूर्वी दोन्ही जुळत होते आणि आता दाबलेला स्वर चढा किंवा उतरलेला दिसतो, तर तारेची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. कुठे झिजली, कुठे मळ चढला. अशी तार सुरात लावताच येत नाही, आणि तिच्या बचावासाठी जेमरसनला बोलावणं हा त्याचा अपमान आहे. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत हा दिवस लवकर येतो. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तारा पुसाव्यात, खालूनसुद्धा. कुणी पुसत नाही. तरी मार्गदर्शनात लिहावं लागतं.

मेलेल्या तारा उकळण्याचा एक जुना तोडगा आहे आणि तो चालतो. पातेल्यात पाणी घेऊन तारांची गुंडाळी दहा मिनिटं उकळावी. मळ सुटतो, पाण्यावर करडी साय येते, आणि वाळवून चढवल्यावर तार पुन्हा झणझणीत बोलते. थोडेच दिवस, कारण धुतला जातो तो मळ. झीज आणि गंज धुतला जात नाही. तार कोरडीठक्क व्हायला हवी, नाहीतर उरलेलं पाणी गाभ्यापाशी गंज सुरू करतं. पातेलं आमटीचं घेऊ नये. घेतलंच तर आईला सांगू नये. सांगितलंच तर “स्टीलच आहे ना गं, आणि पातेलंही स्टीलचंच,” हा युक्तिवाद करू नये. रात्रभर डिनेचर्ड अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवण्याची पद्धत जास्त सभ्य आहे, मात्र त्यासाठी झाकणाची उभी नळी लागते, आणि घरात तशी बाटली दिसली तर प्रश्न वेगळे विचारले जातात.

एवढं करूनही प्रामाणिक परीक्षकाच्या मनात एक शंका उरते. तारा बदलण्यात अर्धा तास जातो, आणि आवाजाची बारीक स्मृती इतका वेळ टिकत नाही. ध्वनिमुद्रण मदत करतं, पण तार बोटाखाली कशी वागते ते त्यात उतरत नाही. खरी तुलना करायची तर एक बेस जुन्या तारांचा आणि दुसरा तसाच बेस नव्या तारांचा, दोन्ही एकाच वेळी हाताशी हवेत. दोन बेसच्या पिकअपची उंची, लाकूड, सेटअप कधीच तंतोतंत सारखे नसतात, म्हणून तारांची अदलाबदल करून पुन्हा ऐकावं लागतं. अदलाबदलीत अर्धा तास जातोच, म्हणून तिसरा असलेला बरा. याला परंपरेचा आधार आहे. १९६५ मध्ये ‘माय जनरेशन’च्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी एन्टविसलच्या डॅनइलेक्ट्रो बेसची तार तुटली, सुट्या तारा मिळेनात, म्हणून त्याने दुसरा बेस विकत घेतला, आणि मग तिसरा. ही हकीकत तो स्वतः सांगत असे. घरी हे उदाहरण जरूर द्यावं. त्याचं लग्न १९६७ मध्ये झालं, हे सांगायची गरज नाही.