वेळापत्रकातले मुक्त सागरजीवन

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील व्हिटसंडे या ७४ बेटांच्या समूहात शिडाची नौका ‘बेअरबोट’ पद्धतीने, म्हणजे कप्तान व खलाशी यांच्याविना, भाड्याने मिळते, आणि मोटार चालवण्यास परवाना मागणाऱ्या या देशात त्यासाठी मात्र कोणताही परवाना लागत नाही, काही तासांची तोंडओळख पुरते.

या स्वच्छंद दर्यावर्दीपणाला कचेरीची शिस्त मात्र आहे: रात्री नौका हाकण्यास मनाई असते, दुपारी चारच्या सुमारास नांगर पडलेला असावा लागतो, आणि मुक्त सागरजीवनाचा आस्वाद घेणारा पाहुणा बिनतारी संचावरून सकाळी व दुपारी मालक-कंपनीकडे हजेरी लावत असतो. आग्नेय व्यापारी वारे नेमके समोरून आले की शिडे गुंडाळून डिझेल इंजिन धडधडू लागते. छायाचित्रापुरती शिडे पुन्हा उभारली जातात, हा भाग वेगळा. नोव्हेंबर ते मे या काळात विषारी जेलीफिशच्या धास्तीने पाण्यात उतरताना मानेपासून घोट्यापर्यंत झाकणारा पोशाख चढवावा लागतो, त्यामुळे उष्ण कटिबंधातील जलक्रीडा पाणबुड्याच्या कवायतीसारखी दिसते.

जेम्स कुकने १७७० मध्ये या बेटांमधील सामुद्रधुनीला ‘व्हिटसंडे’ या ख्रिस्ती सणाच्या रविवारचे नाव दिले. आंतरराष्ट्रीय वाररेषा तेव्हा ठरलेली नसल्याने आजच्या हिशेबाने तो सोमवार होता. त्याआधी हजारो वर्षे इथले मूळ रहिवासी न्गारो लोक झाडाच्या सालीच्या होड्यांतून याच बेटांदरम्यान ये-जा करीत होते, आणि तीही अनामत रक्कम न भरता.