हानेदा विमानतळ, रात्री साडेबारा

अडनिड्या वेळेचं विमान स्वस्त का असतं, ते टोकियोत उतरल्यावर कळतं. शेवटची ट्रेन अगदी वेळेवर निघून गेलेली असते. जपान्यांचा वक्तशीरपणा तो हाच. टॅक्सी हजर असते. दार आपोआप उघडतं, खिसाही. रात्री दहा ते पहाटे पाच भाडं वीस टक्के जादा. उरतं कॅप्सूल हॉटेल. १९७९ साली ओसाकात पहिलं निघालं, तेही कुरोकावांसारख्या नामांकित वास्तुविशारदाच्या हातून. बूट लॉकरात, बॅग बाहेर, आपण फडताळात. (सरळ बसता येतं, ही चैन.) त्याहून स्वस्तात मांगा कॅफे: खुर्ची, कॉमिक्स, पातळ पार्टिशन आणि शेजाऱ्याचं घोरणं फुकट.