दरी समोरच होती

आमच्या गावी, शिरपूरला, देवाने एक इशारा फार पूर्वीच देऊन ठेवला आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती एलिचपूरचा राजा गाडीतून आपल्या राजधानीकडे नेत होता. मागे वळून पाहायचं नाही, अशी अट होती. शिरपूरला पोचल्यावर राजाला राहवलं नाही, त्याने वळून पाहिलं आणि मूर्ती तिथेच अधांतरी थांबली, अशी आख्यायिका आहे. एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर, परतवाड्याला खेटून असलेलं. सांगायचा मुद्दा असा की शिरपूर सोडून त्या बाजूला जायला प्रत्यक्ष देवाने नकार दिला. ही कथा मी परगावच्या यात्रेकरूंना आजवर असंख्य वेळा, रंगवून आणि फुकट सांगितली आहे. तरीही ऐन श्रावणात बायकोला, आईला आणि पोराला गाडीत घालून मी त्याच वाटेला लागलो. मालेगाव, मेडशी, पातूर, अकोला, अकोट, अंजनगाव, परतवाडा आणि वर चिखलदरा.

मंदिराच्या रस्त्यावर माझं छोटंसं दुकान आहे. तिथे बसून मी जन्मभर इतरांचं पर्यटन पाहिलं. गुजरातचे, राजस्थानचे, मुंबईचे लोक येतात, धर्मशाळेत उतरतात आणि साबण घ्यायला आले की तक्रारी सांगतात. पाणी कोमट आहे, गादी टणक आहे, पंखा आवाज करतो. माझं उत्तर ठरलेलं असे. ‘यात्रेले आले ना शेठजी, मंग थोडं सहन करा लागते.’ हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे की बायकोलाही पाठ आहे. ते तिने जपून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

लॉज मोबाइलवर फोटो पाहून मीच निवडला. फोटोत लाकडी कॉटेज, पुढे काचेची भिंत, काचेपलीकडे हिरवीगार दरी आणि गॅलरीत वाफाळत्या कॉफीचा कप. बायको म्हणाली, ‘साधी खोली घ्या ना, आपल्याले झोपाचंच तर हाय.’ मी तिला अर्धा तास भूगोल शिकवला. चिखलदरा समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच आहे, विदर्भातलं एकमेव थंड हवेचं ठिकाण आहे, तिथे कॉफीसुद्धा पिकते, १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या इंग्रजाने ते हेरलं. एवढ्या उंचीवर जाऊन दरी न पाहता झोपायचं, तर शिरपूरची गच्ची काय वाईट? ‘व्हॅली व्ह्यू’चे जादा पैसे मी आगाऊ भरून टाकले.

परतवाडा सुटून घाट लागला आणि थोड्या वेळाने धुकं लागलं. धुकं पाहून पोरगा ओरडला, मी ओरडलो, आई ‘गाडी हळू चालव’ म्हणून ओरडली. लॉजवर पोचलो तेव्हा आम्ही ताकात पडलेल्या माश्यांसारखे होतो, चारी बाजूंना पांढरं आणि वाट कुठेच नाही. मॅनेजर छत्री घेऊन आवाजाच्या दिशेने आला. मी ऐटीत विचारलं, ‘दरी कुठे आहे?’

‘समोरच आहे साहेब. फक्त पाऊल पुढे टाकू नका.’

कॉटेज लाकडी होती, असं म्हणायला हरकत नाही, कारण प्लायवूड लाकडापासूनच होतं. वर पत्रा. सगळा डोलारा लोखंडी पायांवर उभा, खालून मोकळा. आमच्या मूर्तीखालून एके काळी घोडेस्वार जाई आणि आता जेमतेम कापड सरकतं, असं सांगतात. या कॉटेजखालून एक गाय आरामात जात होती. रात्री ती तिथेच मुक्कामाला आली आणि खांबाला अंग घासू लागली. गायीला खाज सुटली की आमचा पलंग हले. आई उठून बसली आणि म्हणाली, ‘भूकंप झाला वाट्टे.’ मी म्हणालो, ‘नाही, गाय आहे.’ त्यावर तिने अंधारात गायीला नमस्कार केला आणि मला मात्र भरपूर सुनावलं.

गादी ओली नव्हती, ‘सर्द’ होती. गिझर होता, वीज नव्हती. कॉफी मागितली तर पोऱ्याने चहा आणला, कारण कॉफीची पुडी संपली होती. जिथे कॉफी पिकते तिथे बसून मी चहा पीत होतो. तेवढ्यात बायकोने तिचं जपून ठेवलेलं वाक्य काढलं. ‘पर्यटनाले आले ना शेठजी, मंग थोडं सहन करा लागते.’ पोरगा इतका हसला की पलीकडच्या कॉटेजमधूनही कुणी तरी हसलं.

प्लायवूडचा हा फायदा. पलीकडे रिसोडचे एक अडत्याभाऊ सहकुटुंब होते. तोंड न पाहता आमची ओळख झाली, सोयाबीनचे भाव झाले, पावसाची लांबण झाली. शिरपूर म्हणताच ते खुलले. ‘तुमच्या इथं आलतो ना आम्ही. धर्मशाळेत मस्त गरम पाणी भेटलं राजेहो! तुम्ही कायले आले इकडं?’ माझ्या वतीने बायकोने उत्तर दिलं, ‘दरी पाहाले.’ मग दोन्ही बाजूंना बराच वेळ हसणं चाललं. मी झोपेचं सोंग घेतलं.

आमच्या मंदिराला १९८१पासून कुलूप होतं. ते २०२३ साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने निघालं. मधली चाळीसेक वर्षं लोक शेकडो कोस तुडवत येत आणि एका झरोक्यातून दर्शन घेऊन तृप्त परतत. माझ्यापुढे तर अख्खी भिंत काचेची. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मी तिच्यापुढे खुर्ची टाकून बसलो. मधेच वारा आला, धुकं फाटलं, आणि मी सगळ्यांना हाका मारून उठवलं. काचेपलीकडे लॉजची पाण्याची टाकी, दोरीवर वाळत घातलेल्या, म्हणजे भिजत घातलेल्या चादरी आणि पत्र्यावर बसलेलं एक माकड दिसलं. माकडाने आमच्याकडे पाहिलं. मग पुन्हा पांढरं झालं. चौघांत मिळून पाहिलेला ‘व्हॅली व्ह्यू’ तो एवढाच.

मग फिरायला निघालो, तर भीमकुंडाचा नुसता आवाज ऐकला. कीचकाला मारून भीमाने हात धुतले ती ही जागा, असं मी सांगू लागलो, तर पोरगा म्हणाला, ‘बाबा, कुठं?’ मी बोट दाखवलं, पण बोटही नीट दिसत नव्हतं. गाविलगडाच्या दिशेने गेलो आणि दरवाजा शोधण्यात दम काढून परतलो. इंग्रज सेनापती वेलस्लीने हा गड १८०३च्या डिसेंबरात घेतला. ऑगस्टात आला असता तर बिचाऱ्याला गड सापडला नसता, आणि वऱ्हाडचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता. त्याने महिना विचारपूर्वक निवडला. माझ्याकडे फोटो होता.

परतीच्या वाटेवर गवळ्यांच्या इथली रबडी खाल्ली आणि पहिल्यांदाच सगळे माझ्याशी गोड बोलले. आईने तर प्रवासातली एकच गोष्ट गावभर सांगितली, ती रबडीची. आता दुकानात कुणी ‘पाणी कोमट आहे’ म्हणालं, तर मी साबण देतो आणि गप्प बसतो.

चिखलदरा सुंदरच आहे, असं ज्यांना तो दिसला ते सगळे सांगतात. तुम्हीही जा. मात्र श्रावणात जाणार असाल तर दरीच्या खोलीचे जादा पैसे मुळीच भरू नका, तेवढ्याची रबडी घ्या.